रिकाम्या पिशवीचं वजन

माझी नोकरी म्हणजे पालथं पडून बिळांत हात घालणं. "एवढं शिकवलं ते याच्यासाठी?" असं आई अजून विचारते. बेटावरचे भुरे समुद्रपक्षी जमिनीत हातभर खोल बिळं करतात आणि एका बिळात एकच अंडं घालतात. आपण खांद्यापर्यंत हात सारायचा आणि गप्प पडून राहायचं. पिल्लू असेल तर बोटाला कडकडून चावतं. मग त्याला अलगद बाहेर काढून कापडी पिशवीत घालायचं, पिशवी ताणकाट्याला अडकवायची, वजन लिहायचं आणि पिल्लू परत आत सोडायचं. काम सोपं आहे. फक्त चिकाटी लागते, आणि जुने कपडे.

यंदा बिळं तीन हजार नऊशे होती आणि पिल्लू एकही नव्हतं. हात घालावा तिथून कुरतडलेली कवचं निघायची. बेटावर उंदीर आले होते.

ते कसे आले हे मला पक्कं ठाऊक आहे. बेटावर जाणारं प्रत्येक पोतं आधी धक्क्यावरच्या बंद खोलीत उघडून, झटकून पाहायचं, असा नियम आहे. मागच्या वर्षी समुद्र खवळायला लागला होता, बोटवाले काका घाई करत होते, म्हणून मी बटाट्यांचं एक पोतं तसंच उचललं. एकच पोतं! ते कुणाला सांगायची हिंमत मला आजवर झाली नाही.

साहेबांनी फोनवर बजावलं होतं, "एक तरी पिल्लू जिवंत दाखवा, म्हणजे उंदीर मारायची मोहीम मंजूर करून घेतो. नाहीतर बेटावरचं काम कायमचं बंद. पंधरा दिवस देतो."

चौथ्या दिवशी, भर दुपारी, उतारावरच्या एका बिळात मला काहीतरी चावलं.

मी आनंदाने ओरडलेच. बोटातून रक्त येत होतं. नळीवरचा छोटा कॅमेरा आत घातला, तर पडद्यावर माती, मुळं आणि दोन पिसं. बीळ रिकामं होतं. पुन्हा हात घातला आणि पुन्हा चावा बसला. हाताला मऊ लव लागत होती, तिच्याखाली इवलंसं काळीज धडधडत होतं. मी ते मुठीत धरून बाहेर काढलं. मुठीत नुसती ऊब होती.

सवयीने मूठ पिशवीत सोडली आणि पिशवी काट्याला लावली. चपटी पिशवी वाऱ्यावर हलत होती. काटा दोनशे दहा ग्रॅमवर थांबला.

काटा बिघडला असणार, दुसरं काय! ठरलेलं वजन लावून पाहिलं. काटा बिनचूक होता.

संध्याकाळी काका पाणी घेऊन आले. एरवी या माणसाचं तोंड क्षणभर बंद नसतं. त्यांनी पिशवी हातावर तोलली आणि लगेच माझ्याकडे दिली.

"पक्षीबाई, हे होतं तिथे ठेवून या."

"काका, म्हणजे तुम्हालाही वजन लागलं ना?"

"ठेवून या म्हटलं ना!"

दुसऱ्या दिवशी एकशे नव्वद भरलं. त्याच्या पुढच्या दिवशी एकशे पासष्ट. मासे बारीक वाटून बोटावर घेतले, आत धरले. ते बोटाला चावायचं, पण मासा तसाच राहायचा, मग त्याला मुंग्या लागायच्या. "खा रे सोन्या, एक घास तरी खा," म्हणत मी दिवसदिवस तिथे पडून असायचे. मेलेलं असेल तर उपाशी कसं राहील, असंही स्वतःला विचारून पाहिलं. त्याची भूक मात्र माझ्या बोटाला कळत होती. आणि साहेबांना दाखवणार काय? रिकामी पिशवी?

बाराव्या दिवशी चावा नुसता बोटावर टेकला.

तेराव्या दिवशी काटा हललाच नाही.

मी मातीत तोंड खुपसून रडले. "मीच आणले रे उंदीर," असं मोठ्याने बोलले. पोत्याचं सगळं सांगितलं. ऐकायला कुणी नव्हतं. उठताना हात शेजारच्या बिळात गेला.

आतून कचकन चावा बसला.

त्याच्या पुढच्या बिळातही. त्याच्या वरच्या बिळातही. अकरा बिळं पाहिली आणि बारावं न पाहता पळत सुटले. एवढ्या तोंडांना मी काय भरवणार होते?

पंधराव्या दिवशी सकाळी काका न्यायला आले. समुद्र अगदी शांत होता. मी बोटीत बसले, काकांनी दोर सोडला, आणि बोट खाली खाली बसत गेली.

"सामान किती घेतलंय?"

"ही एवढी पाठपिशवी."

काकांनी पाण्याचे कॅन समुद्रात टाकले. मग नांगर टाकला. पाणी काठापासून चार बोटांवर होतं, ते तिथून हललं नाही.

"पक्षीबाई, खरं सांगा. काय आणलंय बोटीत?"

मी पायाखालची फळी उचलली. तळ कोरडा, रिकामा दिसत होता.

मी आत हात घातला. मनगटाच्या पुढे तो गेलाच नाही, इतकी तिथे दाटी होती.