वापरणाऱ्यांची खुर्ची

पहिल्याच बैठकीला मी चुकून निरंजनच्या खुर्चीत बसले आणि वर त्यालाच विचारलं, "काय हवंय?"

आकुर्डीच्या त्या सभागृहात गादीच्या खुर्च्या नेट कंपन्यांच्या आणि कडेच्या दोन प्लॅस्टिकच्या आम्हा वापरणाऱ्यांच्या. मला काय स्वप्न पडलं होतं? निरंजन नुसता हसला आणि निमूट माझ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत जाऊन बसला. हसताना खळी पडते मेल्याच्या गालावर... मी लक्ष दिलं नाही. म्हणजे, थोडं दिलं.

आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या परिषदेची ती बैठक. मी चाकणची, शेतकऱ्याची पोर, कारखान्यात माल तपासते. संध्याकाळी कारखान्यांना नेट सुसाट आणि आमच्या खोल्यांवर मोबाइलमधलं चाक फिरतंय ते फिरतंयच. हे बोलायला आमच्या दोन जागा होत्या. एकीवर मी आणि दुसरीवर मारुतराव, परिषदेतच बसणाऱ्या एका नेट कंपनीच्या मालकाचे सख्खे मेहुणे. का, तर तेही नेट वापरतातच की! कुंपणच शेत खातंय म्हटल्यावर दाद कुणाकडे मागायची?

मी ठराव मांडला, एका घरातली, सोयरिकीतली दोन माणसं परिषदेत नकोत. अनुमोदनाला कुणी हात वर करेना. मारुतराव मिशीला पीळ देत बसलेले. शेवटी हात वर झाला तो निरंजनचा. तो दुसऱ्या नेट कंपनीचा माणूस, मूळचा लातूरकडचा. मग बाकीचेही हात वर गेले, ठराव मंजूर झाला, मारुतराव गेले आणि त्यांच्या जागी खानावळवाल्या शालनबाई आल्या.

मग बैठकीनंतर टपरीवर चहा सुरू झाला. एकदा तो म्हणाला, "नेटची तक्रार असेल तर माझा नंबर घेऊन ठेवा."

"तुमच्या कंपनीचा नंबर कधी लागतो का?"

"हा लागेल... रात्री-अपरात्रीही."

लागला. तुम्हीचं तू कधी झालं, कळलं नाही. आणि एका संध्याकाळी त्यानं विचारलं, "तनुजा, मागणी घालायला तुझ्या घरी येऊ?"

जीव जडला होता माझा, लपवू कशाला? पण ठराव माझाच. लग्न झालं की दोघांतल्या एकाला उठावं लागणार, आणि अशा वेळी उठते ती सूनच, हे सांगायला ज्योतिषी नको.

"मी खुर्ची सोडणार नाही," मी म्हणाले. "लग्न नाही झालं तरी चालेल." मी बस धरून घरी आले आणि उशीत तोंड खुपसून रडले.

आमचे अध्यक्ष नानासाहेब प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला विचारतात, कुणाचा काही हितसंबंध आहे का? सगळे 'नाही' म्हणून माना हलवतात. पुढच्या बैठकीत निरंजन उभा राहिला.

"माझा आहे. मला तनुजाशी लग्न करायचंय. तिनं अजून होकार दिलेला नाही, पण मी जागा सोडतोय. कंपनी उद्या दुसरा माणूस पाठवेल. हिच्यासारखी दुसरी कुठून आणाल?" मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "हात वर केला ना, तेव्हाच ठरवलं होतं... वेळ आली तर मीच उठायचं."

शालनबाईंनी पदर तोंडाला लावला. नानासाहेब चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले.

"माझाही तोच हितसंबंध आहे," मी म्हणाले. "लिहून घ्या."

तो दाराशी पोचला, वळला. "मग येऊ कधी?"

"रविवारी ये. आज बैठकीत संध्याकाळच्या नेटचा विषय आहे, तो संपवल्याशिवाय मी उठत नाही."