वीस मिनिटांचं जादा इंधन

अप्पांच्या वर्षश्राद्धासाठी मी बंगळूरहून सकाळच्या विमानाने पुण्याला निघालो होतो. २००९ साल, जानेवारीची सहा तारीख. विमान निम्मं रिकामं होतं. बहीण तनया खडकीच्या घरी गुरुजींना घेऊन वाट पाहत होती. विधी आटोपले की तिला खरं काय ते सांगून टाकायचं, असं मी ठरवलं होतं.

खरं एवढंच, की मागच्या वर्षी माझं विमान कुठेही वळलं नव्हतं. मी विमानात बसलोच नव्हतो. अकरा वाजता अप्पांचं ऑपरेशन होतं. आत नेण्याआधी तुला एकदा बघायचंय, एवढंच ते म्हणाले होते. पण त्याच दिवशी अमेरिकेहून क्लायंट आला आणि मी त्याच्यापुढे मिरवायला थांबलो. हॉटेलच्या खोलीतून अप्पांना फोन केला की पुण्यात धुकं आहे, विमान हैदराबादला नेलंय.

तेवढ्यावर भागायला हरकत नव्हती. पण अप्पांनी दारूगोळा कारखान्याच्या भांडारात तीस वर्षं काढलेली. त्यांना उडवाउडवी चालत नसे.

"इंधन किती घेतात रे असल्या वेळी?"

मी नेटवर वाचलेलं सगळं ऐकवलं. पुण्यापर्यंतचं, तिथून हैदराबादपर्यंतचं, शिवाय अर्ध्या तासाचं, ज्याला हात लावायचा नसतो.

"मग घिरट्या कशावर घातल्या?"

"वैमानिकाने वीस मिनिटांचं जादा घेतलं होतं. पाच फेऱ्या मारल्या."

"शहाणा माणूस दिसतो," अप्पा म्हणाले. अगदी समाधानाने म्हणाले. ते ऑपरेशनच्या टेबलावरच गेले. ही गोष्ट आठवली की मला अजून स्वतःची किळस येते.

पुणं जवळ आलं आणि विमान कललं. लोहगावला धुकं आहे, वैमानिकाने सांगितलं. जादा इंधन वीस मिनिटांचं आहे, तोवर वाट पाहू.

जानेवारीत धुकं पडतंच, मी स्वतःला समजावलं. खाली सगळं पांढरं होतं, फक्त कात्रजच्या डोंगराची कड वर आलेली. फेऱ्या मी मोजल्या. पाच झाल्या.

मधली खुर्ची सोडून पलीकडे नऊवारीतल्या एक बाई बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, तिच्यात झबलं-टोपडं आणि लाडवांचा डबा. लाडवांना खवट वास येत होता.

"तुम्ही कसे उतरले जी?" त्यांनी विचारलं.

"कुठे?"

"मागच्या खेपेला. इथंच तर बसले होते. पाच फेऱ्या झाल्या अन् तुम्ही दिसेनासे झाले."

आपण कोण, म्हणून मी विचारलं.

"गोदाबाई. वर्ध्याची. लेकीकडून लेकाकडे चालली. नातवाचं बारसं आहे ना."

"कधी?"

"आजच. सतरा जानेवारी."

सतरा जानेवारी मागच्या वर्षीची, अप्पा गेले तो दिवस. तिथीमुळे श्राद्ध अलीकडे आलं होतं, पण तारीख मी विसरणं शक्य नव्हतं.

"आम्ही फिरूनच राहिलो जी," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तुम्ही घरी खरं सांगितलं की उतरू आम्ही."

माझे कान तापले. मी हवाईसुंदरीला बोलावणार होतो, पण तिला सांगणार काय?

विमान पूर्वेकडे वळलं.

हैदराबादला उतरल्यावर, टँकर यायच्या आधी फोन करू दिला.

"हैदराबाद?" तनया म्हणाली. "म्हणजे मागच्या वर्षीसारखंच?" मागे गुरुजींची भांडी वाजत होती. "स्ट्रेचरवरसुद्धा अप्पा नर्सला तुझ्या विमानाचंच सांगत होते, दादा. केवढं कौतुक!"

गोदाबाई माझ्याकडे बघत होत्या. एक वाक्य बोलायचं होतं. ते जिभेवर आलेलंही होतं.

"हो," मी म्हणालो. "मागच्या वर्षीसारखंच."

गोदाबाईंनी मान वळवली.

टँकर लागला. इंधन भरेपर्यंत सर्वांनी पट्टे सोडून बसावं, अशी सूचना झाली. मी माझा सोडला.

गोदाबाईंनी त्यांचा लावला आणि ओढून घट्ट केला.

मग मागच्या रिकाम्या रांगांमधून पट्टे लावल्याचे खटके ऐकू आले. एकामागून एक, शेवटच्या रांगेपर्यंत.