नडगीतली पाच भोकं

हाड दुखलं की चुना, हा आमच्याकडचा घरगुती उपाय. कौसल्येची उजवी नडगी ठणकायला लागली, तसा तिचा नवरा संभाजी रोज सकाळी गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यात कालवून तिला स्वतः भरवायचा. शेजारच्या भामाबाईंनीच तसं सांगितलं होतं. मायेनं केलेलं सगळं बरोबरच असतं, असं थोडंच आहे?

दुखणं वाढतच गेलं. शेवटी बारामतीला दाखवलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, फोटो काढला आणि संभाजीला चांगलंच झापलं. कौसल्येच्या गळ्यातली एक बारकी ग्रंथी उधळली होती. हाडातलं कॅल्शियम ओढून रक्तात ओतत होती, आणि हा पठ्ठ्या वरून चुना चारत होता. नडगीच्या हाडाला पाच भोकं पडली होती. चार एका ओळीत, पाचवं जरा बाजूला. ऑपरेशन केलं की हाड भरून येईल, म्हणाले.

कौसल्या फोटो बघून हसली. चार वर्षांमागं त्यांची छकुली तापानं गेली, तेव्हापासून ती अशी हसली नव्हती.

संभाजी लोणी देवकरला लेथवर काम करणारा, मोजल्याशिवाय कशावर विश्वास न ठेवणारा गडी. स्वयंपाकघराच्या भिंतीवर वास्तुशांतीला उमटवलेला छकुलीचा कुंकवाचा हात होता, ती गेली त्याच वर्षीचा, तीन वर्षांची असतानाचा. त्यानं त्यावर मापाचा व्हर्नियर लावला, मग फोटोवर. बोटाबोटातलं अंतर सूतभरही चुकेना. तीनदा मोजलं.

छकुली आईच्या पावलावर बसायची आणि नडगीला मिठी मारून घरभर फिरायची. सोड म्हटलं तरी सोडायची नाही.

"मला आपरेशन नगं," कौसल्या म्हणाली. "हाड भरलं की ती सुटंल."

संभाजीनं तिचे पाय धरले. लेक गेली तेव्हासुद्धा तो इतका रडला नव्हता.

"आता तूबी गेलीस तर मी कुणाकडं बघू?"

ती तयार झाली. ग्रंथी काढली. सहा महिन्यांत नडगी भरून आली आणि संभाजीच्या जिवात जीव आला. कौसल्या मात्र सुकत गेली. पाय लई हलका लागतो, म्हणायची, आणि चालता चालता खाली बघायची.

वर्षानं तिची कंबर अवघडायला लागली, म्हणून पुन्हा बारामती गाठली. रक्त उत्तम होतं. नडगी साफ होती.

उजव्या खुब्याच्या हाडावर पाच भोकं होती.

असं व्हायला नको होतं, म्हणत डॉक्टर फोटो उजेडात धरून बघत राहिले. भोकं आता जरा लांब लांब होती. संभाजीनं खिशातला व्हर्नियर बाहेर काढला नाही.

"केवढी झाली," कौसल्या हळूच म्हणाली.

दोघं बाहेर आले. रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर चालले होते. कौसल्येनं संभाजीचा दंड धरून त्याला आपल्या उजव्या अंगाला, ट्रॅक्टरांच्या बाजूला घेतलं.

तो मध्ये लेकराएवढी जागा सोडून चालू लागला.