अल्चोनेचं शेपूट

शेपूट द्राक्षाच्या मळ्यात सापडलं. बाकीचं विमान दोन किलोमीटर पुढे, जळून काळं झालेलं. पाचही जण विमानातच होते.

मरेशाल्लो बाकिझियो पिरास मळ्यात उकिडवा बसला, तेव्हा त्याचे दोन्ही गुडघे वाजले. मरेशाल्लो म्हणजे लष्करी पोलिसांतला जमादार; त्या नोकरीत सव्वीस वर्षं काढलेला माणूस. त्यातली शेवटची दोन नुसती मेलेल्यांची मोजदाद करण्यात गेली होती. आता त्याला कशाचा रागही येत नव्हता, फक्त झोप येत होती.

त्याने शेपटीच्या सांध्यावरून बोट फिरवलं. लाकूड फाटलेलं नव्हतं, सुटलेलं होतं. वाफेवर धरलेल्या पाकिटाचं तोंड उघडावं तसं.

मळ्याच्या बांधाला ओकच्या सावलीत एक मेंढपाळ आडवा पडला होता. काल, रविवारी उजाडताच, शेपूट पडताना त्यानेच पाहिलं होतं.

"तू काय करत होतास तेव्हा?"

"हेच. पडलो होतो. नोव्हेंबरपर्यंत दुसरं काय काम असतंय?"

"गोळीबार? दुसरं एखादं विमान?"

"काही नाही. आभाळ स्वच्छ. कड्कन आवाज झाला आणि हे धूड खाली आलं. माझी दोन मेंढरं बिथरून पळाली, अजून सापडली नाहीत. त्याचं कोण देणार?"

पिरासने पँटवरची माती झटकली. तो सायकल ढकलत विमानतळाकडे निघाला.

*

अल्चोने म्हणजे खंड्या पक्षी. नाव गोड, पण काम बॉम्ब टाकायचं. तीन इंजिनं, आणि बाकी जवळजवळ सगळं लाकूड. ह्या एका विमानाने ग्रीसची लढाई पाहिली, माल्टावर दोन वर्षं फेऱ्या मारल्या, आणि दहा दिवसांपूर्वी शत्रूच्या जहाजांच्या ताफ्यावरून शेपटीला एकवीस भोकं पाडून घेऊन ते परत आलं. तोफांना न जुमानलेलं हे विमान निरभ्र आकाशात, स्वतःच्या तळापासून पाच मिनिटांवर पडलं.

"घातपात," मेजर दोन्देरो म्हणाले. सार्डिनिया बेटावरच्या ह्या तळाचे ते प्रमुख. दाढी दोन दिवसांची, डोळे लाल. "शेपटी कोणी जोडली? सान्ते बोस्कोलोने. त्याचा भाऊ लाल बावट्यावाला, पाच वर्षं तुरुंगात होता. अजून काय पाहिजे तुम्हाला?"

"पुरावा, मेजर."

"चार वाजता काल्यारीला लॉरी जाते. तिच्यातून तो लष्करी कोर्टापुढे जाईल. घातपाताची शिक्षा माहीत आहे ना? खुर्चीत उलटा बसवून पाठीत गोळ्या. चारपर्यंत तुम्हाला दुसरा कोणी सापडला तर सांगा."

घड्याळात साडेदहा वाजले होते. पिरासने काल दुपारपासून काही खाल्लं नव्हतं. तो आधी स्वयंपाकघराकडे वळला.

दारात एक पांढरी मांजर ऐसपैस पसरली होती. तिला ओलांडूनच आत जावं लागलं. आचारी ओरेस्ते तुरीनचा, शहरी, बोलण्यात पटाईत. त्याने जवाची काळी कॉफी ओतली, पावाचा एक तुकडा ठेवला आणि बशीत पांढऱ्याशुभ्र रिकोत्ता चीजचा गोळा.

"खा, मरेशाल्लो. पोरांसाठी केलेला. उरला." त्याने फडक्याला हात पुसले. "त्या विमानावरचे फाब्रिस लेफ्टनंट म्हणायचे, ओरेस्ते, तू आहेस म्हणून आम्ही परत येतो."

"चीज कुठलं?"

"कुंपणापलीकडच्या मेंढपाळाचं. सिगरेटी देतो, चीज घेतो. नाहीतर सरकारी शिधा बघा! ह्या राज्यात दुधाची बटणं होतात, दुधाची लोकर होते, अंगावरचा हा कोटही दुधाचा. प्यायला दूध तेवढं मिळत नाही."

पिरास हसला नाही, पण बशी पावाने पुसून खाल्ली. चीज दातांखाली किंचित कुरकुरलं. तो पाणी प्याला आणि उठला.

*

सान्ते बोस्कोलोला त्याच्याच सुतारखान्यात कोंडलं होतं, हातकडी घालून. वय अठ्ठावन्न. चाळीस वर्षं कियोज्जाला होड्या बांधल्या, मग सैन्याने विमानांना लावलं. त्याचे हात भाकरीएवढे रुंद होते आणि ते नुसते मांडीवर पडलेले बघवत नव्हते.

"मिस्त्री, शेपटी कधी जोडलीत?"

"शनिवारी दुपारी."

"आणि विमान उडालं रविवारी पहाटे?"

"उडालं."

"गोंदाला एवढा वेळ पुरतो?"

"पुरतो. पण पुरला का ते बघायला लागतं." त्याने भिंतीकडे हनुवटी केली. तिथे खिळ्यांना लाकडाच्या चिपा टांगलेल्या होत्या, प्रत्येकीवर तारीख. "दर घाण्याचा नमुना ठेवतो. दोन चिपा चिकटवायच्या, दिवसभर वाळवायच्या, मग हातोडीने फोडायच्या. लाकूड फाटलं पाहिजे, सांधा नाही. सांधा सुटला तर काम उखडून परत करायचं."

"शनिवारचा नमुना?"

"मोडला नाही. दिवस भरलाच नव्हता." सान्ते खाली बघत म्हणाला. "मेजरना म्हटलं, रविवार दुपारपर्यंत थांबा. ते म्हणाले, ताफा तुझ्यासाठी थांबणार आहे का? मी गप्प बसलो. थकलो होतो हो. आठ दिवसांत अकरा विमानं शिवली."

पिरासने बावीस ऑगस्टची चीप खिळ्यावरून काढली. हातोडी लागलीच नाही. अंगठ्यांनी दाबताच दोन्ही तुकडे वेगळे झाले, आणि मधून पांढरी भुकटी झडली.

सान्ते ते बघत राहिला. मग त्याने हातकडीसकट दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मीच मारलं पोरांना."

"थांबा. रडायचं असेल तर चारनंतर रडा. गोंद कसा करता ते सांगा आधी."

"दुधाचा असतो. साय काढलेलं दूध फाडायचं, चोथा वाळवायचा, दळायचा. ती भुकटी डब्यातून येते. पाण्यात भिजवायची, फुगली की चुना घालायचा. एवढंच. आजोबांपासून करतोय."

"ह्या वेळी वेगळं काही वाटलं?"

"वाटलं ना. भुकटी फुगली कमी, लवकर खाली बसली. म्हटलं, उन्हाळा आहे." तो जरा थांबला. "आणि कोन्तेसा आली नाही."

"ही कोण?"

"मांजर. पांढरी. भुकटी भिजवली की वासावर यायची, चुना पडायच्या आत भांड्याशी हजर. शिव्या घालून हाकलायचो मी. पंधरा ऑगस्टच्या चर्चच्या सणापासून फिरकली नाही. मेली असेल म्हटलं."

"मेली नाही," पिरास म्हणाला. "चांगली लठ्ठ झाली आहे."

*

कोठार सुतारखान्याच्या मागे होतं. त्याचा राखणदार रोक्को सिसिलीचा, कपाळावर घाम, प्रश्न विचारायच्या आधीच उत्तरं देणारा.

"माझा काही संबंध नाही! डबे मोजून आले, मोजून आहेत. दर शनिवारी वजन होतं. एक ग्रॅम कमी नाही."

"डबे उघडून बघतोस?"

"वजन बरोबर असल्यावर उघडायचं कशाला?"

"किल्ली कोणाकोणाकडे?"

"माझ्याकडे." रोक्कोने मान खाजवली. "आणि तिथे, खिळ्याला. दर खेपेला मी कुठे उठू? सान्ते गोंदाला येतो, आचारी पिठाला, धावपट्टीवाले खडूच्या पुडीला. सगळी आपलीच माणसं."

पिरास आत गेला. डाव्या हाताला पिठाची पोती. उजव्या हाताला गोंदाचे चार डबे. मध्ये धावपट्टीच्या रेघा मारायच्या खडूच्या पुडीचं पोतं.

"ह्या पोत्याचं वजन होतं का रे?"

"खडूचं? खडू कोण चोरतोय?"

पिरास पोत्यावर बसला. गार अंधारात त्याचे डोळे मिटायला लागले. गोळी नाही, शत्रू नाही. घातपात करणारा माणूस नमुन्याची चीप भिंतीला टांगून ठेवत नाही. मग तोंडात अजून रेंगाळणारी ती चव त्याला आठवली. खरं तर चव नव्हतीच, आणि तेच त्याला मघापासून खुपत होतं. मेंढपाळाच्या पोटी जन्मलेला माणूस तो. त्याने डोळे उघडले आणि शिवी हासडली, स्वतःलाच.

*

साडेतीन वाजता त्याने सगळ्यांना सुतारखान्यात बोलावलं. मेजर, रोक्को, सान्ते. ओरेस्तेला निरोप होता, येताना व्हिनेगर घेऊन ये.

"लॉरी बाहेर उभी आहे," मेजर म्हणाले.

"रिकामी जाणार नाही ती, मेजर."

पिरासने बाकावर दोन बशा ठेवल्या. "ही कोऱ्या, मोहोरबंद डब्यातली भुकटी. ही सान्ते मिस्त्री वापरत होते त्या डब्यातली." त्याने दोन्हींवर व्हिनेगर ओतलं. पहिली नुसती भिजली. दुसरी खदखदून फसफसली.

"खडू," सान्ते हळूच म्हणाला.

"खडू. रोज थोडा थोडा मिसळलेला, आता अर्ध्याहून जास्त. वजन बरोबर, रंग बरोबर. चिकटपणा तेवढा गेला. मिस्त्रींनी हे केलं असतं, तर मेजरना थांबा म्हणून कशाला विनवलं असतं? तुम्हाला नमुना मोडायचा नव्हता, मेजर. त्यांना मोडायचा होता."

मेजरनी बाहेरच्या लॉरीकडे पाहिलं.

"मग राहिलं एवढंच, की दुधाची भुकटी कोणाला हवी होती आणि गेली कुठे. मांजरीला ते आमच्याआधी कळलं. ती सुतारखाना सोडून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बसली."

सगळ्यांनी ओरेस्तेकडे पाहिलं. व्हिनेगरची बाटली अजून त्याच्या हातात होती.

"मांजर उंदरांसाठी येते," तो म्हणाला. "चीज मी मेंढपाळाकडून घेतो."

"कोणत्या?"

"तो... ओकखालचा."

"ओरेस्ते, तू तुरीनचा. चीज दुकानात मिळतं, बाराही महिने. माझा बाप ह्याच डोंगरात मेंढ्या राखायचा. ऑगस्टात मेंढ्या आटलेल्या असतात. अख्ख्या बेटावर ताजा रिकोत्ता मिळत नाही, नोव्हेंबरात पिल्लं होईपर्यंत नाही. तो मेंढपाळ झोपला होता, कारण पिळायलाच काही नाही. तू मला सकाळी जे वाढलंस, ते कुठल्याच मेंढीचं नव्हतं."

ओरेस्ते बाकावर बसला. बाटली कलंडली आणि व्हिनेगर फरशीवर वाहत गेलं.

"बायको बटणांच्या कारखान्यात होती," तो म्हणाला. "तिने शिकवलं. भुकटी सोड्याच्या पाण्यात विरघळवायची, व्हिनेगरने फाडायची, मीठ घालायचं. सणाला पोरं ताफ्यावरून आली, मरेशाल्लो, उभं राहवत नव्हतं त्यांना. आणि मी काय वाढू? सलगमचं पाणी? एकदाच करणार होतो. त्यांना इतकं आवडलं..."

"आणि खडू?"

"वजन भरायला हवं ना. आणि वाटलं, गोंद घट्टच होईल. आम्ही नाही का रश्शात पीठ लावत?" तो सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघू लागला. "गोंदाने एवढं पडतं? शेपटीला खिळे असतात ना? असतात ना, सान्ते?"

सान्तेने नकारार्थी मान हलवली.

"रविवारी पहाटे फाब्रिसनी रिकोत्ता दोनदा मागून घेतला," ओरेस्ते म्हणाला.

पिरासने सान्तेची हातकडी काढली. म्हातारा मनगटं चोळत उठला, आचाऱ्यासमोर जाऊन उभा राहिला. सगळ्यांना वाटलं, आता मारतो. पण तो नुसता म्हणाला, "मागितलं असतंस तर एखादा डबा मीच दिला असता रे, गाढवा." आणि मग त्याला रडू आवरेना.

मेजर दाराशी थांबले. "नमुन्याचं ते... अहवालात लिहायलाच हवं का?"

"लिहून झालंय, मेजर. शाईने."

चार वाजता ओरेस्ते लॉरीत चढला. पिरास त्याच्याशेजारी बसला. इंजिन सुरू झालं तेव्हा मांजर दारातून उठून चार पावलं मागे आली आणि परत फिरली.

अर्ध्या वाटेवर ओरेस्तेने विचारलं, "पाठीत गोळ्या घालतील मला?"

"घातपात नव्हता हे लिहिलंय मी. तुरुंगवास होईल, लांब." पिरासने डोळे मिटले.

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच घासाला कळायला हवं होतं. काहीतरी चुकतंय एवढं कळलं होतं."

"मग बशी पुसून का खाल्लीत?"

पिरासने डोळे उघडले नाहीत.

"भूक लागली होती," तो म्हणाला.