बाभळीवरचे गवत

"उद्या सकाळी मातीच्या गाड्या येणार! मग आमचं घर पाण्यात गेलं म्हणूनच समजा!" शामला धापा टाकीत म्हणाली.

नाताळच्या सुट्टीचा तो पहिलाच दिवस. रमाकांत आणि त्याची धाकटी बहीण पद्मा किल्ल्यावर जाण्याचा बेत आखीत होती. तो बेत तसाच राहिला. ग्वाल्हेरजवळच्या मुरारपलीकडे त्यांच्या मैत्रिणीची, शामलाची, सखल वस्ती होती. तिच्यापुढच्या मैदानात नव्या कारखान्यासाठी उंच भराव घालायचे ठरले होते आणि वस्तीचे पावसाळी पाणी निघून जाण्यास त्या मैदानावाचून अन्य वाट नव्हती.

"मग भरावाच्या अभियंत्यांना सांगितलं नाहीस?" रमाकांतने विचारले.

"सांगितलं ना! कृष्णरावकाका हसले. म्हणाले, इथे तर धूळ उडते आहे, पोरी!"

तिघे मैदानावर पोहोचली, तेव्हा खरोखरच धूळ उडत होती. रमाकांतचा चेहरा उतरला. इतक्यात पद्मा ओरडली,

"दादा, ऊपर तो देख! बाभळीवर गवत कुणी वाळत घातलं?"

पद्माच्या डोक्याहून उंच, काट्यांमध्ये वाळल्या गवताचे पुंजके आणि एक फुटकी टोपली अडकली होती.

"घालतंय कोण? श्रावणात पाणीच तिथवर चढतं," शामला म्हणाली.

"मग काकांना ठाऊक कसं नाही?" पद्माने विचारले.

"ते श्रावणात इथे असतात कुठे?" रमाकांतने टाळी वाजवली.

त्याचे म्हणणे यथार्थ होते. मध्यभारत राज्य नुकतेच अस्तित्वात आले होते. हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेरीस असे आणि पुढे ती इंदुरास जाई. कृष्णरावांची कचेरीही तिच्यासवे जाई. इथला पावसाळा त्यांनी पाहिलेलाच नव्हता!

"आपलं कोण ऐकणार?" शामलाचे डोळे भरून आले.

"आपलं नाही तर नाही. त्यांच्या दुर्बिणीचं तर ऐकतील!" रमाकांत म्हणाला.

कृष्णराव मैदानाच्या उंच कडेला तिपाईवरील दुर्बिणीतून पाहत होते. रमाकांतने अदबीने नमस्कार केला.

"काका, एकदा आम्हालाही दाखवा ना!"

"दाखवतो की! आत एक आडवी रेघ आहे. ती जिथे जिथे टेकेल, ते सारं एकाच पातळीत."

"मग त्या गवतावर टेकवा ना, प्लीज!"

कृष्णरावांनी कौतुकाने तिपाई खालीवर करून रेघ गवतावर आणली.

"आता शामलाच्या घराकडे!"

दुर्बीण वळली. पद्माने डोळा लावला आणि ती खदखदून हसली.

"अय्या शामला, तुमचं घर डोक्यावर उभं आहे!"

"हिच्यात सारं उलटंच दिसतं. रेघ मात्र खोटं बोलत नाही," कृष्णराव म्हणाले.

"मग ती कुठे आली आहे, काका?" शामलाने विचारले. तिला हसू आले नव्हते.

कृष्णरावांनी डोळा लावला. रेघ उंबरठ्याच्या चारच बोटे खाली होती.

"ते गवत पाण्यानं नेऊन ठेवलं आहे," रमाकांत हळूच म्हणाला. "भराव नसताना पाणी इतकं येतं. उद्या मैदानच बुजवलं तर?"

कृष्णराव बाभळीपाशी गेले. त्यांनी एक पुंजका ओढून काढला आणि चुरगळला. वाळलेला गाळ त्यांच्या तळहातावर सांडला.

"उद्याच्या गाड्या थांबवा!" त्यांनी मजुरांना हाक दिली. "पाण्याची वाट ठरल्यावाचून इथे एक टोपलीही पडणार नाही. येत्या श्रावणात मी स्वतः इंदुराहून येऊन पाणी पाहीन."

गलका ऐकून शामलाचे वडील माधवराव बाहेर आले. सर्व वृत्तांत ऐकल्यावर त्यांनी तिघांच्या पाठीवरून हात फिरवला.

"शाबास! भांडलाही नाहीत आणि हरलाही नाहीत!"

"माझी चूक बांधून होण्याआधीच यांनी मला दाखवली, माधवराव," कृष्णराव म्हणाले.

मग त्यांनी शामलाच्या घराच्या उंबरठ्याशी बूट काढले आणि आत डोकावून तिच्या आईला विनयाने विचारले,

"वहिनी, पावसाळ्यात पाणी कोणत्या बाजूनं येतं, ते जरा सांगाल का?"