मॅजिस्ट्रेटच्या खणातलं पुडकं

"माझी मोलकरीण निर्दोष आहे. तिला सोडवा."

लव्हिनिया स्ट्रिकलंड खुर्चीत बसलीसुद्धा नाही. हातमोजे काढले, तेव्हा बोटांवर सुईच्या टोचण्या दिसल्या.

सायलस ब्रॅनक ऑस्ट्रेलियातल्या पॅरामाटा गावात खाजगी तपासाची कामं घेई. त्याने आणि त्याच्या मित्राने, डॉक्टर पिमने, सगळी हकीकत ऐकून घेतली.

लव्हिनिया बारा वर्षं या वसाहतीबद्दल लिहीत होती. दुष्काळ, पक्षी, कैद्यांच्या पाठीवरचे वळ. तिचा नवरा रूपर्ट मॅजिस्ट्रेट. फटक्यांचे हुकूम त्याचेच. रविवारी त्याने तिच्याकडून हस्तलिखिताचं पुडकं मागून घेतलं आणि खणात कुलूपबंद केलं. बुधवारी जाळायला बाहेर काढलं, तर आत जुनी वर्तमानपत्रं! ती खोली फक्त नोरा गियरी झाडायची. नोरा आयरिश कैदी. शनिवारी तिची रवानगी बायकांच्या तुरुंगात होणार होती.

"आणि हस्तलिखित?" ब्रॅनकने विचारलं.

"नोराला सोडवा," ती म्हणाली आणि निघून गेली.

दोघे त्याच्या घरी गेले, तेव्हा रूपर्ट स्ट्रिकलंड गुरगुरला, "बायकोचं लिखाण कायद्याने नवऱ्याचं! म्हणजे चोरी माझ्या घरात, माझ्याच मालाची."

"पुडकं नीट बंद होतं?"

"तिने बांधून दिलं, मी तिच्यासमोर लाखेची मोहोर केली. मोहोरेची अंगठी माझ्या बोटातून निघत नाही. बुधवारी मोहोर मीच फोडली. शाबूत होती!"

"पोरीने कुलूप उघडलं कसं, कोण जाणे," पिम पुटपुटला.

नोरा कोठारात कोंडलेली होती. "साहेब, मला वाचतासुद्धा येत नाही. मी कागद घेऊन काय चुलीत घालू?"

"आठवड्यात घरातून काही बाहेर गेलं?"

"एक गोधडी. जहाजाच्या कप्तानाच्या बायकोला भेट, शुक्रवारी इंग्लंडला जाणाऱ्या. एरवी शिवण माझ्याकडे, पण ही बाईसाहेबांनी स्वतः शिवली. उचलली की वाळक्या पाल्यासारखी करकरायची."

"चल, सोडवू या तिला," पिम म्हणाला.

"शनिवारी," ब्रॅनक म्हणाला.

"वेडा आहेस का? त्याच दिवशी तर नेणार तिला!"

शनिवारी सकाळी गाडी दारात उभी होती. ब्रॅनकने नोरासकट सगळ्यांना बैठकीत बसवलं.

"साहेब, मोहोर शाबूत होती. मग अदलाबदल मोहोर लागण्याआधीच झाली. नोराच्या हातात पुडकं आलंच नाही."

रूपर्ट सावकाश बायकोकडे वळला. "मग माझ्या हातात काय दिलं होतं?"

ब्रॅनकने लव्हिनियाकडे पाहिलं.

"सांगा," लव्हिनिया म्हणाली. "सगळं सांगा, ब्रॅनक."

"बारा वर्षांचं काम हरवलं, पण बाईसाहेबांनी ते शोधायला सांगितलं नाही. ते कुठे आहे हे त्यांना ठाऊक होतं. बोटांना टोचण्या, करकरणारी गोधडी. पानं त्या गोधडीत शिवली होती. जहाज काल सुटलं."

"आणि तू चार दिवस गप्प?" नोरा बाईसाहेबांवर किंचाळली. "मी तिथे उंदरांत, आणि तू—"

"जहाज सुटेपर्यंत," लव्हिनिया म्हणाली. "तोपर्यंत तुझा बळी दिला मी, नोरा. माफी कुठल्या तोंडाने मागू?"

नोरा दाराबाहेर पडली. पुढे तिला गावातल्या एका लोहाराकडे काम मिळालं.

"आता तू या कुंपणाबाहेर पाऊल टाकायचं नाहीस," रूपर्ट म्हणाला. "रविवारचं चर्च सोडून. आणि घरात शाईचा थेंब दिसता कामा नये."

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

त्याने शब्द पाळला. दोन वर्षं.

मग एका रविवारी प्रार्थनेच्या वेळी मागच्या बाकावरून एक हात पुढे आला आणि लव्हिनियाच्या मांडीवर पुस्तक ठेवून गेला. प्रार्थनेचं नव्हतं. लेखकाच्या जागी फक्त 'एक रहिवासी स्त्री' असं छापलेलं होतं. तिने मान वळवली. नोरा दुसरीकडेच बघत होती.

शेजारी रूपर्ट डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना म्हणत होता. लव्हिनियाने पुस्तक उघडलं. तिसऱ्या ओळीतच छपाईची चूक होती. तिने नखाने तिथे खूण केली आणि पान उलटलं.