कागदाचं दुसरं टोक

त्या रविवारी सकाळी भाऊंनी सोसायटीच्या हॉलमध्ये तपकिरी कागदाचा आख्खा रोल उलगडला आणि अठरा मुलांना त्यावर ओळीने झोपवलं. मग पेन्सिल घेऊन, गुडघ्यांवर सरकत, एकेकाच्या कडेने ते रेघ ओढत गेले. मुलं उठली की कागदावर नुसत्या आकृत्या राहायच्या. आत काय रंगवायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. एकीने पोटात मासा काढला, एकाने आख्खी बस.

"भाऊआजोबा, मी एवढी जाडी नाहीये!"

"मी नाय केलंय गो, पेन्सिलीन केल्यान."

रोलच्या एका टोकावर मी बसले होते, दुसऱ्या टोकावर सिद्धेश. रोलच्या कागदाची खोड असते... सोडला की पुन्हा गुंडाळी होऊन बसतो. दोन माणसं लागतातच.

"हलू नकोस," तो तिकडून म्हणाला.

"मी कुठे हलतेय?"

"मग माझ्याकडचा कागद का खेचला जातोय?"

"तुझ्या वजनाने."

"बेकरीवाल्याच्या वजनाला नावं ठेवायची नसतात. जाहिरात असते ती."

भाऊ म्हणजे माझे वडील. छापखान्याच्या बायंडिंग खात्यात चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. आई चार वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून मुलुंड पूर्वेच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही दोघंच. मी घाटकोपरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. भाऊंच्या हाताला कागद लागत नाही असा दिवस जायचा नाही, म्हणून दर रविवारी ही मुलं.

सिद्धेश आमच्या घरी आला तोही कागदामुळेच.

दीड वर्षापूर्वी याच वर्गासाठी मी पाच फुटी रोल रिक्षातून आणत होते. रिक्षाच्या दोन्ही बाजूंनी तो बाहेर डोकावत होता. स्टेशनजवळच्या वळणावर फुटपाथच्या कडेला एक माणूस दोन्ही हातांत केकचं खोकं घेऊन उभा होता. रिक्षा वळली आणि रोलचं टोक थेट त्या खोक्यात घुसलं.

"मॅडम, मैंने बोला था ना!" रिक्षावाला ओरडला.

मी उतरले. त्या माणसाने झाकण उघडलं, बराच वेळ आत पाहिलं आणि म्हणाला, "हॅपी राहिलंय. बर्थडे गेला."

"मी... सॉरी. मी भरून देते ना."

"ते राहू द्या. आधी सांगा, एवढा रुंद कागद कुठे मिळतो?"

मला वाटलं, धक्क्याने याचं काहीतरी बिनसलं. पण त्याचं खरंच अडलं होतं. दोन फुटी ट्रेमध्ये तो केक भाजायचा आणि दुकानात मिळणारा बेकिंगचा कागद जेमतेम फूटभर रुंद. दोन पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या की मिश्रण बरोबर मधल्या फटीतून खाली उतरायचं, आणि केक ट्रेला धरून बसायचा.

"हा खाण्याचा कागद नाही," मी म्हटलं.

"मला कागद खायचा नाहीये हो."

ओठांवर आलेलं हसू पदराआड लपवणाऱ्यांतली मी नाही, शिवाय पदर नव्हताही. मी हसले. "माझ्या वडिलांना विचारा," म्हणाले आणि पत्ता दिला.

दुसऱ्याच दिवशी तो ट्रे काखोटीला मारून हजर. भाऊ जाम खूश. खाण्याच्या वस्तूचा कागद वेगळा आणि चित्राचा वेगळा, यावर त्यांनी त्याला अर्धा तास ऐकवलं. कुठल्या घाऊक व्यापाऱ्याकडे रुंद रोल मिळेल ते सांगितलं. ट्रेच्या कोपऱ्यात कागद फुगतो, तर तिथे तिरका छेद देऊन एक पाकळी दुसरीखाली कशी सरकवायची ते दाखवलं. मग एक ताव सरळ नळाखाली धरला, त्याचा बोळा केला, पिळला आणि पुन्हा ट्रेमध्ये पसरला. तोवर ताठरपणे वर येणारा कागद मुकाट्याने तळाला बसला.

"भाऊ, तुम्ही माझ्याकडेच या कामाला," सिद्धेश म्हणाला.

"नको रे बाबा. गोड खाऊचा नाय सांगल्यानी डॉक्टरान."

मग दर बुधवारी संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर पंधरवड्याचे ताव कापले जाऊ लागले. पंधरवड्याचे असले तरी तो यायचा दर आठवड्याला, आणि त्याबद्दल कुणी काही विचारायचं नाही. भाऊ मध्ये पट्टी लावून कापायचे, आम्ही टोकं धरायचो. कापलेला ताव मोठा, एकट्याने दुमडला तर चुरगळतो. म्हणून चादरीची घडी घालतात तसं दोघांनी एकमेकांकडे चालत यायचं. प्रत्येक घडीला माझ्या हातातली टोकं त्याच्या हातात जायची. त्याचे तळवे पिठाने कोरडे असायचे. अंगठ्याजवळ भट्टीचा जुना चटका. कपड्यांना वेलचीचा वास. मी टोकं जरा उशिरा सोडायचे... आणि तोही जरा उशिराच घ्यायचा.

नेमके त्याच वेळी भाऊ चष्मा शोधायला लागायचे. चष्मा त्यांच्या डोक्यावरच असायचा. मला वाटायचं, वयोमानाने विसरतात.

"एवढं काय वाचतेस गं?" एकदा सिद्धेशने माझं पुस्तक उलटसुलट करून विचारलं.

"गोष्टी."

"काय असतं त्यात?"

"माणसं असतात. एकमेकांशी बोलतात."

"आपण काय करतोय मग?"

"ती नीट बोलतात," मी म्हटलं.

त्याने पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. मग म्हणाला, "मी प्रयत्न करतोय. पण समोरचं माणूस सारखं पान उलटतं ना..."

मी उठून चहा टाकायला गेले. दीड वर्ष मी हेच करत होते. त्याने काही म्हटलं की चहा टाकत होते.

आकृत्या काढल्या त्या शेवटच्या रविवारी मुलं गेल्यावर सिद्धेशने भाऊंना हॉलबाहेर पाण्याच्या टाकीपाशी नेलं. मी रंगांच्या वाट्या धूत होते. दोघं काय बोलले ते ऐकू आलं नाही. भाऊंनी त्याच्या दंडावर हात ठेवलेला मात्र दिसला.

संध्याकाळी मी चहा गाळत होते आणि भाऊ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. काही महत्त्वाचं असलं की भाऊ पूर्ण मालवणीत जायचे.

"तुका तो आवडता काय गो?"

"कोण?"

"सिद्धेश. तेना सकाळी माका तुझ्यासाठी इचारल्यान. तो म्हणालो, तुझ्या मनात असात तरच."

माझ्या हातात गाळणं होतं. चहा कपाबाहेर गेला होता. मला त्या क्षणी काय काय दिसलं... भाऊंचे गुडघे, दोन मजले, औषधांचा डबा, आणि मी लग्न होऊन गेल्यावर या टेबलाशी एकटे बसलेले भाऊ. हे सगळं खरं आहे. पण पूर्ण खरं नाही. आमच्या घरात असलं वाक्य कुणी कधी उच्चारलंच नव्हतं. मी प्रेमाच्या इतक्या गोष्टी वाचल्या, पण त्यांतल्या एकाही नायिकेला ते ओट्यापाशी, वडिलांच्या तोंडाकडे बघत म्हणावं लागलं नव्हतं.

"काहीतरीच काय, भाऊ," मी म्हटलं. "तो तुमच्याकडे येतो. माझ्याकडे कुठे?"

"मगे तेका काय सांगू?"

"नाही म्हणून सांगा."

"नक्की?"

"नक्की."

भाऊंनी मान हलवली. ते समोरच्याच्या शब्दावर विश्वास ठेवणारे होते. आयुष्यभर माझं न बोललेलं त्यांनी ओळखलं होतं. त्या दिवशी मी बोलले, म्हणून त्यांनी ते खरं मानलं. चहा न पिताच त्यांनी चपला घातल्या.

"आत्ता कशाला? उद्या सांगा ना."

"त्या झिलाक ताटकळत कशाक ठेवूचा?"

मी त्यांना थांबवू शकले असते. खिडकीतून हाक मारली असती तरी चाललं असतं. मी ओटा पुसला.

तासाभराने ते आले. पहिल्या मजल्यावर थांबलेले मला वरून ऐकू आले. आत येऊन पाणी प्यायले आणि म्हणाले, "सांगलंय तेका. तो रागावलो नाय. झील बरो आसा."

रात्री जेवताना त्यांनी आमटी चांगली झाल्याचं सांगितलं. भात मात्र टाकला. साडेनऊला झोपायला गेले. सोमवारी सकाळी मी चहा घेऊन गेले, तर भाऊ उठले नाहीत.

डॉक्टरांच्या आधी मी सिद्धेशला फोन केला होता. मला ते आठवत नव्हतं, पुढे कधीतरी फोनमध्ये दिसलं. तो दहा मिनिटांत आला होता. सगळं त्याने केलं. दाखला, गाडी, गावाकडे फोन. खांदा दिला. नंतरचे तेरा दिवस सकाळी वॉचमनकडे पाव ठेवून जायचा. वर यायचा तो दारापर्यंतच. "तुम्ही काही खाल्लंत का?" एवढंच विचारायचा. दीड वर्ष मला अगं-तुगं करणारा माणूस. मी हो म्हणायचे. तो जायचा.

बुधवार येत राहिले. टेबल पुसलेलं, कोरडं. मी त्यावर पुस्तक घेऊन बसायचे आणि एकाच पानावर असायचे.

दीड महिन्याने भाजी घेताना अक्षता भेटली. सिद्धेशची धाकटी बहीण, बेकरीच्या गल्ल्यावर बसते. तोंडाने फटकळ.

"तुला कळलं ना? बिल्डिंग पाडतायत आमची. शनिवारपासून बेकरी बंद. बोरिवलीला मामाच्या गाळ्यात जातोय."

"बोरिवलीला?" माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. "कायमचं?"

"मग काय पिकनिकला? दादा बोलला नाही तुला?"

"नाही."

"तो हल्ली कुणालाच बोलत नाही यार. नुसती खारी जाळतो. काल तीन ट्रे वाया." तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि तिचा आवाज उतरला. "हे बघ, मला काही माहीत नाही तुमचं काय झालं. पण एकदा येऊन जा. भांडायचं असेल तर भांड. हे असं बघवत नाही."

मी शुक्रवारी कॉलेजमधून सरळ बेकरीत गेले. भट्टी थंड होती. फळ्या रिकाम्या. अक्षता बाहेर टेम्पोवाल्याशी हुज्जत घालत होती, "अहो, काचेचं कपाट आहे, गाद्या नाहीत!" आत सिद्धेश केकचे साचे एकात एक ठेवून कागदात बांधत होता. मला पाहून उठला. स्टूल पुसून पुढे केलं.

"बसा ना."

मी बसले नाही. "त्या दिवशी भाऊ काय म्हणाले?"

"कशाला आता ते..."

"सांग मला."

तो साच्यांकडे बघत बोलला. "इथेच बसले, या स्टुलावर. पाणी मागितलं. म्हणाले, नाही म्हणते रे ती. मी म्हटलं, ठीक आहे भाऊ, त्यासाठी तुम्ही एवढं चालत कशाला आलात. मग दहा मिनिटं असेच बसून होते."

"आणि?"

"जाऊ दे ना."

"सिद्धेश."

"उठताना म्हणाले, 'माका वाटला होता, ती होय म्हणतली. माका बरा वाटला असता.'" त्याने दोऱ्याला गाठ मारली, ती सुटली, पुन्हा मारली. "उलट मीच त्यांची समजूत काढली. कोपऱ्यापर्यंत सोडून आलो."

बाहेर टेम्पोवाला काहीतरी बोलला आणि अक्षता हसली. मी स्टुलाकडे पाहत राहिले. भाऊंना एकटं पडू द्यायचं नाही म्हणून मी नाही म्हटलं होतं. त्यांना तर माझा होकारच हवा होता. दर बुधवारी चष्मा शोधत ते त्याचीच वाट बघत होते. आणि माझा नकार त्यांनी स्वतःच्या पायांनी, त्या गुडघ्यांनी, इथवर पोहोचवला. त्यांच्या आयुष्यातलं शेवटचं काम मी त्यांना हे दिलं.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका," सिद्धेश म्हणाला. "तुमचं मन तुमचं. मी काही—"

"मी भाऊंशी खोटं बोलले."

त्याने हातातला साचा खाली ठेवला.

"त्यांनी मला विचारलं आणि मी खोटं बोलले. त्यांनी ते खरं धरलं." इथवर आलेलं वाक्य मी नेहमीसारखं गिळलं असतं, तर टेम्पो गेला असता आणि मीही घरी जाऊन पुस्तक उघडलं असतं. "मला तू आवडतोस."

आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. बाहेरचं बोलणं एकदम बंद झालं.

सिद्धेशने बांधलेले साचे बाजूला सरकवले. मग अगदी हळू, मला दुखू नये अशा बेताने म्हणाला, "जानकी, भाऊ गेले... तू एकटी पडलीस. त्यामुळे म्हणत असशील तर नको. मी असाही येईन गं. बोरिवली काही लांब नाही. काय लागेल ते सांग, मी करेन. त्यासाठी हे म्हणायची गरज नाही."

"त्यासाठी नाही म्हणत."

"मग?"

"भाऊंनी विचारलं, तेव्हाही आवडत होतास," मी म्हणाले. "त्याच्याही आधीपासून. त्यांना सांगायचं राहून गेलं."